गॅसच्या गोळीनं न उतरणारं जडपण: नैराश्य, शरीराची जाणीव आणि बोलण्याचे उपचार

बेळगावच्या शहापुरात औषधाचं दुकान चालवता चालवता एक यादी माझी तोंडपाठ झाली आहे. छातीत कसंतरी व्हायलंय. पोटातनं गोळा उठतोय. हातपाय गळाल्यागत झालेत. डोकं जड, अंग जड, जेवण जाईना, झोप येईना. "काका, गॅसचं काहीतरी द्या बगा." गोळी द्यायची, ती संपते, पुन्हा तोच माणूस तीच तक्रार घेऊन उभा. ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादा डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाकडं चिठ्ठी देतो आणि ती चिठ्ठी घेऊन माणूस माझ्याच काउंटरवर येतो, चांगलाच तापलेला: "मला काय वेड लागलंय? दुखतंय छातीत, आणि ह्यांचं म्हणणं काय, तर बोलायला जा!"

त्याचा राग मला समजतो. पायरीवरनं पडून गुडघा सुजला तर तो बोलून उतरत नाही, मग छातीतला दगड बोलून कसा उतरेल? त्यात मोबाईलवर रील्सचा पाऊस: पोट म्हणजे दुसरा मेंदू, अमकी नस दाबा आणि टेन्शन पळवा. एकीकडं हे जादूटोण्याचं बोलणं, दुसरीकडं ओपीडीत दोन मिनिटांत "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावणारे डॉक्टर. ह्या दोहोंच्या मधे विज्ञानाचा एक खरोखरचा विषय आहे, आणि तो आपल्या भाषेत कुणी नीट सांगत नाही. मी डॉक्टर नव्हे, औषधविक्रेता. पण काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न म्हणून ह्याचा पिच्छा पुरवला. जे समजलं ते लिहितो.

आतून येणारी बातमी

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ह्यांनी बाहेरचं जग कळतं हे शाळेत शिकलो. पण भूक लागली, लघवीला लागली, ठोके वाढले, श्वास कमी पडतोय, अंगात कसर आहे, हे कशानं कळतं? शरीराच्या आतली बातमी मेंदूपर्यंत नेणारी एक वेगळी व्यवस्था आहे. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन ह्यांनी १९०६ साली तिला वेगळं नाव दिलं. आज शास्त्रात तिला इंटरोसेप्शन म्हणतात. मी ह्यापुढं नुसतं 'आतली जाणीव' म्हणेन.

ही बातमी नेणाऱ्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे व्हेगस ही मज्जातंतूंची जुडी. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असं फिरत ती जाते. आपली समजूत अशी, की मेंदू वरून हुकूम सोडतो आणि खालचे अवयव ऐकतात. प्रत्यक्षात ह्या जुडीतले साधारण ८० टक्के तंतू उलट्या दिशेनं, खालून वर, बातम्या नेण्याचं काम करतात. मेंदूत ह्या बातम्या जिथं गोळा होतात त्या भागाचं नाव इन्सुला. कानशिलाच्या आत, मेंदूच्या घडीत तो दडलेला असतो. शरीराची बातमी आणि 'मला कसं वाटतंय' ही भावना ह्यांची गाठ बऱ्याच अंशी तिथं पडते, असं मेंदूशास्त्रज्ञ मानतात.

इथवर सगळं सोपं आहे. गुंता पुढं होतो, कारण मेंदू ही बातमी जशीच्या तशी वाचत नाही. तो अंदाज बांधतो.

कन्नड कागद आणि म्हातारा

हे समजवायला मला आमच्याच भागातली गोष्ट बरी वाटते. ज्याला कन्नड वाचता येत नाही अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात शिक्का मारलेला सरकारी कागद पडला की काय होतं, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडं सांगायला नको. अक्षर कळत नाही, शिक्का तेवढा कळतो. म्हातारा मटकन बसतो: "गेली जमीन." रात्रभर डोळा लागत नाही. सकाळी शेजारचा शाळकरी पोरगा कागद वाचतो आणि म्हणतो, "आजोबा, घरपट्टी भरा म्हणत्यात, एवढंच." (कागद दोन्ही भाषांत का नसावा, हा वाद इथं काढत नाही. काढला तर लेख संपायचा नाही.)

शरीराचा कागदही असाच अनोळखी लिपीत येतो. ठोका वाढला, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. का वाढला, हे नसतं. तो अर्थ मेंदू आधीच्या अनुभवावरून भरतो. जिना चढून आलात तर 'दम लागला'. मुलीचा निकाल लागायचा असेल तर 'धाकधूक'. रात्री दोनला, अंधारात, काही कारण नसताना वाढला तर? तिथं ज्याचा त्याचा मेंदू ज्याच्या त्याच्या सवयीनं वाचतो.

नैराश्यात ह्या वाचनाला एक ठरलेला कल येतो. सकाळी उठल्यावर थोडं अंग जड असणं हे कुणालाही होतं. नैराश्यातला मेंदू तो कागद घेतो आणि लगेच निकाल देतो: आज काही जमायचं नाही, माझ्यात काही राहिलं नाही. घरपट्टीच्या कागदावर 'गेली जमीन'.

दुसरी चूक उलट बाजूची. कागद येतच राहतात म्हणून माणूस ते उघडायचंच सोडून देतो. भूक कळत नाही, चव लागत नाही, नातू मांडीवर येऊन बसला तरी ऊर भरून येत नाही. "काही वाटतच नाही काका," असं सांगणारी माणसं रडणाऱ्यांपेक्षा मला जास्त काळजीत टाकतात. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून आपल्या ठोक्यांकडं आणि पोटाकडं लक्ष द्यायला सांगितलं. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या इन्सुलाचा एक भाग मंद चालत होता. कागद दारात पडलेला होता, पण घरात कुणी तो हातात घेत नव्हतं.

गंमत अशी, की दोन्ही चुका एकाच माणसात असू शकतात. आनंदाची, भुकेची, विसाव्याची बातमी कळत नाही, आणि धडधड मात्र ढोलासारखी ऐकू येते.

हे आपल्याच लोकांचं खूळ आहे का?

शिकलेल्या मंडळींचा एक आक्षेप असतो: आपल्या लोकांना मनाचं बोलता येत नाही, म्हणून ते मनाचं दुखणं अंगाच्या तक्रारीतून सांगतात. थोडं खरं आहे. आपली भाषाच बघा. जीव कासावीस होतो, पोटात खड्डा पडतो, काळजाचं पाणी होतं, घशात आवंढा येतो, अन्न गोड लागत नाही. मराठी माणूस मनाबद्दल बोलायला लागला की अवयवांची नावं येतात. डॉक्टर नैराश्य म्हणतात, सरकारी फलकावर कन्नडमध्ये खिन्नते लिहिलेलं असतं. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत चालणारा शब्द एकच: बेजार. "लै बेजार झालंय." त्यात अंगही आलं आणि मनही आलं.

पण हे फक्त आपलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १४ देशांतल्या १५ केंद्रांवर साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा मोठा अभ्यास केला होता. त्यात आपलं बेंगळुरू होतं, तसंच पॅरिस, बर्लिन आणि सिअ‍ॅटलही. त्यातली नैराश्याची माहिती १९९९ साली छापून आली. नैराश्याच्या व्याख्येत बसणारे ११४६ रुग्ण निघाले. त्यांतले ६९ टक्के डॉक्टरकडं आले होते ते फक्त शारीरिक तक्रारी घेऊन. ठिकाणागणिक हा आकडा ४५ पासून ९५ टक्क्यांपर्यंत बदलला, पण मनाचं दुखणं अंगाच्या तक्रारीतून न सांगणारा देश एकही निघाला नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. उदास वाटतं का, कशात मन लागत नाही का, असं थेट विचारल्यावर साफ नाही म्हणणारे निघाले फक्त ११ टक्के. म्हणजे माणसं लपवत नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या काउंटरवरचा अनुभव तंतोतंत हाच. "झोप कशी आहे, घरात सगळं ठीक?" एवढं विचारलं की गॅसची गोळी काउंटरवर तशीच राहते आणि माणूस पंधरा मिनिटं बोलत राहतो. मागं रांग लागते ती गोष्ट वेगळी.

आतली जाणीव मोजतात कशी?

इथं थोडं थांबायला हवं, कारण ह्या विषयातले निम्मे गैरसमज मोजमापातून आलेले आहेत.

सर्वांत जुनी आणि गाजलेली चाचणी जर्मनीतल्या रायनर शांड्री ह्यांनी १९८१ मध्ये मांडली. नाडीला हात लावायचा नाही, छातीवर हात ठेवायचा नाही, नुसतं बसून ठरलेल्या सेकंदांत आपले ठोके मोजायचे. यंत्रही मोजत असतं. दोन्ही आकडे जुळले तर तुमची आतली जाणीव तल्लख. ऐकायला झकास, पण मोठं भोक आहे. माणसाचे ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास असतात हे ज्याला ठाऊक आहे, तो काहीही न जाणवता अर्ध्या मिनिटाला पस्तीस सांगून पास होतो. अलीकडं ह्या चाचणीवर बरीच टीका झाली आहे, ती ह्याच कारणानं.

दुसरा मार्ग प्रश्नावलीचा. २०१२ मध्ये अमेरिकेत वुल्फ मेहलिंग आणि सहकाऱ्यांनी बनवलेली ३२ प्रश्नांची यादी सध्या जास्त वापरतात. तिच्यात नुसतं 'ठोके कळतात का' एवढंच नाही. अंगात दुखलं तर तुम्ही तिकडं दुर्लक्ष करता का? त्याची लगेच काळजी सुरू होते का? आणि मला सगळ्यांत आवडलेला भाग: तुम्हाला तुमच्या शरीराचा भरवसा वाटतो का?

म्हणजे जाणीव ही एक गोष्ट नसून तिचे पदर आहेत. वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागाच्या खोलीत उभं राहून बघा. नवख्या माणसाला नुसता खडखडाट ऐकू येतो, बोललेलं कळत नाही. जुना विणकर त्या गोंगाटात चहा पितो, गप्पा मारतो, आणि चौथ्या मागाचा धोटा जरा वेगळा वाजला की चहा ठेवून उठतो. त्याचे कान नवख्यापेक्षा तीक्ष्ण नसतात, उलट वर्षानुवर्षांच्या आवाजानं थोडे मंदावलेलेच असतात. त्याला कळतं ते इतकंच, की कुठला आवाज रोजचा आणि कुठल्या आवाजाला उठायचं.

२००८ साली अमेरिकेत साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांची ठोक्यांची चाचणी घेतली. सगळ्यांना वाटलं होतं, हे लोक बाजी मारतील. ध्यान न करणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. ध्यानानं जर काही बदलत असेल, तर ते ठोके अचूक मोजण्याचं कसब नव्हे.

हीच गोष्ट नैराश्यावरच्या उपचारांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते. ध्यानावर आधारलेल्या उपचारांनंतर प्रश्नावलीतले गुण सुधारतात: लोक दुखण्यापासून कमी पळतात, काळजी कमी करतात, शरीराचं ऐकून स्वतःला सावरतात. ठोके मोजण्यातली अचूकता मात्र सातत्यानं वाढताना दिसत नाही. कान तेवढेच राहतात. आवाजाला उठायचं की नाही, ह्याचा निर्णय बदलतो.

बोलण्याच्या उपचारात नेमकं करतात काय?

'बोलण्याचा उपचार' म्हटलं की लोकांना वाटतं, समोर बसून रडायचं आणि समोरचा मान डोलावणार. तसं नसतं. पद्धती अनेक आहेत. त्यांतल्या तीनच सांगतो, कारण शरीराशी त्यांचा संबंध वेगवेगळ्या वाटेनं येतो.

पहिली कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी. हिचा पाया अमेरिकेत अ‍ॅरन बेक ह्यांनी १९६० च्या दशकात घातला. वहीत एक साखळी लिहायला लावतात: छाती जड झाली, मनात आलं 'आज काही जमणार नाही', म्हणून पडून राहिलो, पडून राहिल्यानं अंग आणखी जड झालं. चार ओळींत गोल पुरा. मग ह्या साखळीची एक कडी पकडून तपासायची. 'जमणार नाही' हा निकाल कागदात लिहिलेला होता की माझ्या पदरचा? शेजारच्या पोराकडून कागद वाचून घेण्याचंच हे काम, फक्त शेवटी पोराची गरज पडू नये हा हेतू. धडधडीला घाबरणाऱ्यांसाठी ह्याच घराण्यात एक वेगळाच प्रकार आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मुद्दाम जागच्या जागी धावायचं, फिरत्या खुर्चीवर गरगरायचं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. धडधड येते, चक्कर येते आणि जाते, मरण येत नाही, हे शरीराला दाखवून द्यायचं. ऐकून हसू येतं, पण पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या जबर भीतीच्या, झटक्यांवर हा रुळलेला उपाय आहे.

दुसरी पद्धत आपल्याला जवळची, कारण तिचा मोठा प्रयोग चोरला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात झाला. तिचं सूत्र साधं: मन लागेल तेव्हा करीन, असं म्हणत बसू नका. आधी करा, मन मागून येतं. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो: भजनाला जाणं, परड्यात पाणी घालणं, बहिणीला फोन. ती कामं लहान तुकड्यांत, ठरलेल्या वेळी परत सुरू करायची. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ४९५ रुग्णांवर ही पद्धत तपासली. नैराश्य सौम्य नव्हतं, मध्यम-तीव्र ते तीव्र होतं. बोलणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी ह्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलेलं होतं, नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के लोकांचं.

त्या प्रयोगात आतली जाणीव मोजली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तर्क लावता येतो. महिनाभर अंथरुणात पडून राहणाऱ्या माणसाला शरीराकडून एकच बातमी मिळते: जड, जड, जड. तोच सकाळी मार्कंडेय नदीच्या बांधावर चालून आला की घाम, दम, भूक, पाय दुखणं, मग झोप. मेंदूच्या अंदाजाला खोटं पाडणारा पुरावा शरीरातूनच येतो. 'तुझ्यात ताकद आहे' असं शंभरदा ऐकून जे होत नाही, ते कधीकधी दोन घागरी पाणी शेंदून होतं. हे माझं मत, शास्त्राचा निकाल नव्हे.

तिसरी पद्धत ध्यानावर आधारलेली, शरीराकडं थेट बघणारी. नैराश्यातून बरं झालेल्या माणसाला ते परत येऊ नये म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीसडेल ह्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी ती बांधली. आठ आठवड्यांचा वर्ग असतो. पहिल्या दिवशी हातावर एक मनुका ठेवतात आणि ती खायला कितीतरी मिनिटं घ्यायला लावतात: बघा, हुंगा, ओठाला लावा, मग चावा. आमच्याकडं अथणी-विजापूरच्या बेदाण्याची मूठच्या मूठ तोंडात टाकायची सवय, त्यामुळं ह्याला खुळेपणा म्हणणारे निघतील. पुढं पाऊण तास आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेक भागाकडं लक्ष न्यायचं. सैल करायचं नाही, सुधारायचं नाही. छाती जड आहे? कुठं जड आहे, डावीकडं की मधे, श्वासाबरोबर हलतं की तसंच राहतं? कागद हातात घेऊन एकेक अक्षर लावायचं, निकाल न देता.

इंग्लंडमध्ये ४२४ जणांवर झालेल्या आणि २०१५ साली छापलेल्या चाचणीत ह्या पद्धतीची तुलना रोजच्या नैराश्याच्या गोळ्यांशी केली. दोन वर्षांत नैराश्य परत आलं ते पद्धत शिकलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना. गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाही, पण जवळपास बरोबरीची निघाली. चमत्कार सांगणाऱ्या रील्सवाल्यांनी हा आकडा जरा फळ्यावर लिहून ठेवावा.

दुःख आलं की शरीर बंद पडतं

कॅनडातले नॉर्मन फार्ब आणि सहकारी लोकांना सिनेमातले रडवणारे प्रसंग दाखवून मेंदूचं स्कॅन करतात. २०१० च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की दुःख आलं की साध्या माणसाच्या मेंदूत स्वतःबद्दल विचार करणारे भाग पेटतात आणि शरीराची बातमी घेणारे भाग थंड पडतात. आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांत हे थंड पडणं कमी होतं. ह्याच गटानं २०२२ मध्ये नैराश्यातून बरे झालेल्यांवर काम छापलं. काहींना सीबीटीच्या अंगानं शिकवलं, काहींना ध्यानाच्या अंगानं, आणि दोन वर्षं पाठपुरावा केला. दोन्ही उपचार सारखेच उपयोगी पडले. ज्यांच्या मेंदूत दुःखाच्या वेळी संवेदनेचे भाग जास्त बंद पडत होते, त्यांना नैराश्य परत येण्याचा धोका जास्त दिसला.

मला ह्यात धक्का बसला तो असा. मी समजत होतो, नैराश्य परत येतं ते उदास विचारांमुळं. इथं दिसतं, की उदास विचार येतात तेव्हा अंगाशी धागा टिकतो की तुटतो, ह्यालाही किंमत आहे. अंगणात कोण बसलंय, भात शिजल्याचा वास येतोय, पायाखालची फरशी गार आहे, हे कळत राहिलं तर विचाराला सगळी खोली मिळत नाही.

अभ्यास लहान असतात, पद्धती वेगळ्या असतात, आणि आतली जाणीव सुधारल्यामुळं नैराश्य गेलं की नैराश्य गेल्यामुळं जाणीव सुधारली, हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

"अंगाकडं जास्त लक्ष दिलं तर त्रास वाढणार नाही का?"

वाढू शकतो. आधीच दिवसातनं दहा वेळा बीपी मोजणाऱ्या माणसाला 'शरीराकडं लक्ष द्या' असं नुसतं सांगितलं तर तो पंधरा वेळा मोजील. लक्ष कसं द्यायचं ह्यालाच सगळं महत्त्व आहे. पहाऱ्यावरच्या पोलिसाचं लक्ष वेगळं, झोपलेल्या लेकराकडं बघणाऱ्या आजीचं वेगळं. म्हणून चांगला थेरपिस्ट अशा माणसाला आधी बाहेरच्या गोष्टींकडं, आवाजाकडं, पायांकडं लक्ष न्यायला लावतो आणि छातीकडं हळूच येतो. ज्यांच्यावर कधी मारहाण, अत्याचार झाला आहे त्यांना डोळे मिटून अंगाकडं बघणं भयंकर वाटू शकतं. त्यांनी यूट्यूब लावून हे एकट्यानं करू नये.

"हे तर आपलंच आहे की, विपश्यना आणि योग!"

मूळ आपल्याकडचं आहे, हे पाश्चात्त्यही मान्य करतात. इगतपुरीला जाऊन आलेले कितीतरी लोक बेळगावात आहेत. पण दहा दिवसांचं मौन शिबिर हा नैराश्याचा उपचार म्हणून बांधलेला नाही. ऐन नैराश्यात असलेल्या माणसाला तिथं पाठवणं म्हणजे ताप असलेल्याला मॅरेथॉनला उभं करण्यासारखं. वर सांगितलेला आठ आठवड्यांचा वर्गही मुळात बरं झालेल्यांसाठी आहे.

"आणि खरंच हृदयाचं निघालं तर?"

म्हणून आधी तपासणी, मग बाकीचं. छातीत दाब येऊन तो हाताकडं किंवा जबड्याकडं जातोय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तडक इमर्जन्सीत जा. थायरॉईड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, ह्या गोष्टीही हुबेहूब नैराश्यासारख्या थकवतात, त्यांची रक्ततपासणी सोपी आहे. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा घेऊ नका. त्या तपासणीत जे दिसलं असतं ते नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुखणं खरंच असतं.

चालू गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्याच्या गोळ्या हे वाचून बंद करू नका. नैराश्य जरा जास्त असेल तेव्हा गोळ्या आणि बोलणं दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. दुकानदार असून सांगतो: मी विकतो त्यातल्या 'शक्तीच्या' टॉनिकनं मात्र ह्यातलं काही होत नाही.

"मराठीत बोलणारं कोण भेटणार?"

हा आक्षेप सगळ्यांत खरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. त्यात सीमाभागातल्या माणसाला भाषेचा उंबरा वेगळा. 'पोटात खड्डा पडतो' ह्याचं मोडक्या कन्नडमध्ये 'पोट दुखतं' होतं, आणि पोट दुखतंय म्हटल्यावर कुणीही पोटाचीच गोळी लिहिणार.

सुरुवातीला १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. जगणं नको असा विचार येत असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, आत्ताच लावा. कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी भरवण्यासाठी 'मनोचैतन्य' योजना आहे. आपल्याकडं कधी असते ते सरकारी दवाखान्यात विचारून घ्या. मोठ्या तपासणीला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था.

जाताना एक कागद न्या. त्यावर अंगात काय होतं, कुठं होतं, किती वाजता होतं आणि त्या वेळी मनात कोणतं वाक्य येतं, हे घरात बोलता त्या शब्दांत लिहा. स्वतःच त्याचा 'गॅस' करून टाकू नका. कन्नड चांगलं येणारा भाचा-पुतण्या सोबत असेल तर त्याला सांगून ठेवा, शब्दाला शब्द सांगायचा, आपल्या मनानं आवरतं घ्यायचं नाही. आणि धारवाडला जायचं असेल तर पहाटेची बस धरा, सरकारी ओपीडीची चिठ्ठी सकाळीच काढावी लागते.